दादाला केटामाइन द्यायचं म्हणतात, हो म्हणावं का? (इंदूर)

मल्हारगंजचा_धाकटा
१४ मे, रात्री ११:५२

मंडळी, बरीच वर्षं इथं नुसता वाचत आलोय. सराफ्यात गराडू कुठं चांगला मिळतो आणि सानंदच्या नाटकाची जास्तीची तिकिटं कोणाकडे आहेत, यापलीकडे कधी काही लिहिलं नाही. आज लिहितोय, कारण घरात ज्याच्याशी बोलावं तो स्वतःच घाबरलेला आहे.

माझा मोठा भाऊ, वय ४४. क्लॉथ मार्केटमध्ये एका व्यापाऱ्याकडे हिशेब बघतो. दिवाळीपासून गप्प गप्प होता. फेब्रुवारीत डॉक्टरकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या, एप्रिलमध्ये बदलल्या. रविवारी त्यानं आपणहून वहिनीला सांगितलं, "सकाळी डोळे उघडले की पहिला विचार एकच येतो, की आता पुरे." वहिनी शहाणी. रडारड केली नाही, रागावली नाही, त्याचा हात धरून रिक्षात बसवलं आणि दवाखान्यात आणलं. सोमवारपासून भरती आहे. खाजगी आहे, नाव देत नाही.

आज डॉक्टर म्हणाले, गोळ्यांना अजून वेळ लागेल, तोवर केटामाइनची ड्रिप देऊन बघू. आठवड्यातून दोनदा, ४० मिनिटांची. एका दिवसात हे विचार कमी होऊ शकतात म्हणे. परवा सकाळी सही करायची आहे. आईला कोणीतरी सांगितलं की ते नशेचं औषध. मामांच्या ओळखीचे जनावरांचे डॉक्टर म्हणाले, आम्ही घोड्याला देतो. मोबाइलवर शोधलं तर एकीकडे "चमत्कार", दुसरीकडे तो इंग्रजी मालिकेतला नट मॅथ्यू पेरी. डोकं चालत नाही. कोणाला अनुभव आहे का?

---

संपादक
१५ मे, रात्री १२:१०

धागा वर चिकटवला आहे. वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या मनात स्वतःला संपवण्याचे विचार येत असतील तर टेलि-मानस १४४१६, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. धोका समोर दिसत असेल तर माणसाला एकटं सोडू नका, एमवायच्या (इंदूरचा मोठा सरकारी दवाखाना) कॅज्युअल्टीत किंवा जवळच्या कुठल्याही मोठ्या दवाखान्यात घेऊन जा, किंवा ११२ लावा. प्रतिसादांत कोणी 'कसं' याचा तपशील लिहिला तर तो न विचारता काढला जाईल. इथलं वाचून कोणी औषध सुरू किंवा बंद करू नये.

---

भूलवाले_काका
१५ मे, सकाळी ६:१५

धाकटे बंधू, सव्वीस वर्षं भूल देतोय, निम्मी या औषधावर काढली असं म्हटलं तरी चालेल. तेव्हा घोड्यापासूनच सुरू करतो.

घोड्याला देतात, खरं आहे. पेनिसिलिनही देतात. केटामाइन १९६२ मध्ये अमेरिकेत पार्क-डेव्हिस कंपनीत तयार झालं, १९७० मध्ये तिथं माणसांच्या भुलेसाठी मान्यता मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे. याचं कारण साधं आहे. बहुतेक भुलेच्या औषधांनी रक्तदाब पडतो, श्वास मंदावतो. हे औषध नीट दिलं तर श्वास बहुधा चालू राहतो आणि रक्तदाब उलट थोडा चढतो. भाजलेल्या पोराचं ड्रेसिंग असो, अपघातात रक्त गेलेला माणूस असो, जिथं वीजही धड नाही अशा तालुक्याच्या ठिकाणी आम्ही हेच हातात घेतो. तुमच्या ओळखीत कोणाचं लहानपणी हाड बसवलं असेल तर त्याला बहुधा हेच दिलं असेल, विचारून बघा.

आता डोस. पूर्ण भुलेसाठी शिरेतून दर किलोला एक ते दोन मिलिग्रॅम, एकदम. मनाच्या आजारासाठी दर किलोला अर्धा मिलिग्रॅम, तोही ४० मिनिटांत हळूहळू. माणूस झोपत नाही. पण जरा 'वेगळा' होतो. शरीर एकीकडे, मी एकीकडे, भिंत लांब गेली, घड्याळ थांबलं, असलं काहीबाही वाटतं. कोणाला मजा वाटते, कोणी घाबरतो. ड्रिप थांबल्यावर तासा-दोन तासांत ओसरतं. मळमळ होऊ शकते, रक्तदाब चढतो.

सही करण्याआधी एवढं विचारा. ड्रिपच्या वेळी मॉनिटर लावणार का, ऑक्सिजन जवळ आहे का, आणि श्वासाची गडबड झाली तर ती सांभाळणारा माणूस त्या खोलीत असेल का, की फोनवर? रक्तदाब ताब्यात आहे ना? पूर्वी कधी भास, भ्रम झाले होते का, दारू किंवा दुसरी नशा आहे का, हे तुम्ही सांगा, लपवू नका. त्या दिवशी गाडी चालवायची नाही, रात्रभर झोप झाल्यावर दुसऱ्या दिवशीच. पोट किती तास रिकामं ठेवायचं तेही विचारून घ्या. मी आमच्याकडे सकाळी पोहे खाऊन आलेल्या दोघांना परत पाठवलंय. इंदूरचा माणूस पोहे खाऊन आला म्हणजे "काही खाल्लं नाही" असंच सांगतो.

---

दवाबाजार_गल्ली
१५ मे, सकाळी ९:४०

काकांच्या म्हणण्यात दुकानदाराची भर. केटामाइन आपल्याकडे शेड्यूल एक्समध्ये आहे. त्याचं लायसन्स वेगळं, कपाट कुलपातलं, पर्ची दोन प्रतींत, त्यातली एक आम्ही दोन वर्षं सांभाळायची. म्हणून भिया, कोणी "घरी पाठवतो, जिभेखाली ठेवा" किंवा "कुरिअरनं स्प्रे येईल" म्हणाला तर समजायचं की हा माणूस डॉक्टर असला तरी आत्ता डॉक्टरकी करत नाहीये.

मॅथ्यू पेरीचं म्हणाल तर त्याला आधी उपचार म्हणून देखरेखीखाली केटामाइन मिळत होतं हे खरं. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये तो गेला तेव्हा अंगात जे सापडलं ते पूर्ण भूल देताना असतं तेवढं होतं, आणि ते त्यानं दवाखान्याबाहेरून मिळवलेलं होतं. पुरवणाऱ्यांवर खटले झाले. दवाखान्यातल्या ४० मिनिटांच्या ड्रिपशी त्याची तुलना नको. पण आईंचं "नशेचं औषध" हे अगदीच चूक नाही. लोक त्याची नशा करतात, लत लागते, वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं मूत्राशय खराब होतं. कुलूप आहे ते त्याचमुळे.

---

पोहे_शेव_जास्त
१५ मे, दुपारी १:२२

मी घेतलंय. २०२३, इथंच इंदुरात, सहा ड्रिपा.

पहिल्या वेळी काही भारी वाटलं नाही. खोलीतला एसी नदीसारखा वाहतोय असं वाटलं, मग उलटी झाली, मग बायकोनं लिंबूपाणी दिलं. संध्याकाळी बाल्कनीत बसलो होतो तेव्हा लक्षात आलं की आज तो विचार अजून आलेला नाही. म्हणजे होता. पण आपल्या खोलीत चालू असलेला टीव्ही कोणीतरी शेजारच्या घरात नेऊन ठेवावा तसा. ऐकू येतो, पण उठून बंद करायची घाई नाही.

आता जे मला कोणी सांगितलं नव्हतं ते सांगतो. पाचव्या दिवशी तो टीव्ही परत माझ्या खोलीत आला. आणि ते पहिल्यापेक्षा वाईट होतं. कारण मनात आलं, जगातलं सगळ्यात वेगवान औषध घेऊनही मी असाच, म्हणजे आता काही उरलंच नाही. त्या रात्री बायको जागी राहिली म्हणून मी हे लिहितोय. जिथं घेतलं तिथं (नाव घेत नाही) सहा ड्रिपांचं पॅकेज विकलं, पावती रंगीत होती, पण हे एक वाक्य कोणाच्या तोंडून निघालं नाही की "परत येऊ शकतं, आलं तर ते ठरलेलंच आहे, फोन करा."

धाकट्या, दादाला हे आधी सांग. ड्रिपच्या आधी. त्याच्याच तोंडून एकदा म्हणवून घे.

---

शंकासुर
१५ मे, दुपारी ४:०५

सगळे हो हो म्हणताहेत म्हणून थोडा ब्रेक लावतो. माझा व्यवसाय आकड्यांचा, डॉक्टरकीचा नाही.

२००० मध्ये येल विद्यापीठात पहिला छोटा प्रयोग झाला तो अवघ्या सात जणांवर. २००६ मध्ये अमेरिकेच्या सरकारी मानसिक आरोग्य संस्थेत १८ जण. यावर 'क्रांती' म्हणून लेख निघाले. आत्महत्येच्या विचारांवरच नेमका बेतलेला बरा प्रयोग २०१८ चा, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातला, ८० जणांचा. अर्ध्यांना केटामाइन, अर्ध्यांना मिडाझोलाम, म्हणजे गुंगीचं दुसरं औषध, जेणेकरून कोणाला काय मिळालं ते ओळखू येऊ नये. चोवीस तासांत विचार निम्म्याहून कमी झाले ते केटामाइनवाल्यांत ५५ टक्के, दुसऱ्यांत ३०. फरक आहे, मान्य. पण ३० टक्केही विसरू नका. दुसऱ्या औषधावरही दहातले तिघं दिवसभरात सुधारले. नुसतं भरती होणं, कोणीतरी लक्ष देणं, यालाही किंमत आहे.

फ्रान्सचा २०२२ चा प्रयोग मोठा, सात दवाखाने, १५६ रुग्ण, सगळे आत्महत्येच्या विचारांमुळेच भरती झालेले. एक दिवसाच्या अंतरानं दोन ड्रिपा. तिसऱ्या दिवशी विचार पूर्ण गेले ते ६३ टक्क्यांचे, सलाइनचं पाणी मिळालेल्यांत ३१.६. दुप्पट! पण सहा आठवड्यांनी? ६९.५ आणि ५६.३, आणि हा फरक योगायोगाचाही असू शकतो इतका. म्हणजे पाणीवाले मागून चालत येऊन जवळपास गाठतात.

आणि स्टॅनफर्डवाल्यांनी २०२३ मध्ये तर कमाल केली. शस्त्रक्रियेसाठी आधीच भूल दिलेल्या ४० उदास रुग्णांना बेशुद्धीतच केटामाइन किंवा पाणी दिलं. कोणालाच काही जाणवलं नाही, आणि दोन्ही गट सारखेच सुधारले. मग औषधानं काम केलं की अपेक्षेनं?

मृत्यू कमी होतात हे तर एकाही प्रयोगानं दाखवलेलं नाही. तेवढे मोठे प्रयोगच नाहीत.

---

उलटतपासणी
१५ मे, रात्री ९:३०

मी मनोविकारतज्ज्ञ. शंकासुरांनी आकडे बरोबर दिलेत, माझे विद्यार्थी इतके नीट देत नाहीत. पण वाचताना माझा कौल थोडा दुसरीकडे पडतो.

सहा आठवड्यांनी दोन्ही गट जवळ आले याचा अर्थ मी "औषध निरुपयोगी" असा घेत नाही. आत्महत्येची तीव्र ओढ लाटेसारखी असते, बहुतेकांची ओसरतेच. ओसरेपर्यंत माणूस हातात राहायला हवा. नेहमीच्या डिप्रेशनच्या गोळ्यांना दोन ते सहा आठवडे लागतात. धोका मात्र आज रात्री आहे. मधल्या या खड्ड्यावर टाकायची फळी म्हणजे हे औषध. फळीवरून पलीकडे जायचं असतं, तिच्यावर संसार मांडायचा नसतो. पोहे_शेव यांना जे झालं ते फळीलाच पूल समजून पैसे घेतल्यामुळे.

स्टॅनफर्डचा प्रयोग मलाही अस्वस्थ करतो. मात्र ते रुग्ण आत्महत्येच्या धोक्यामुळे भरती झालेले नव्हते, शस्त्रक्रियेला आलेले होते.

कसं काम करतं ते थोडक्यात. जुन्या गोळ्या सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाच्या वाटेनं जातात. हे ग्लुटामेट या दुसऱ्या रसायनाच्या वाटेनं जातं, एनएमडीए नावाचा एक दरवाजा काही काळ अडवतं, आणि त्यानंतर मज्जापेशींमधले जोड पुन्हा फुटू लागतात असा कयास आहे. प्राण्यांमध्ये ते दिसलंय. माणसाच्या डोक्यात नेमकं तेच घडतं का, यावर आमच्यात अजून भांडणं आहेत.

धाकट्या, आता तुला एक प्रश्न. फ्रान्सच्या त्याच प्रयोगात सगळ्यात जास्त फरक बायपोलर रुग्णांत, म्हणजे कधी उदासी तर कधी अति उत्साह अशा आजाराच्या, पडला होता, ८४.६ टक्के विरुद्ध २८. म्हणून विचारतो. दादाला आयुष्यात कधी याच्या अगदी उलट झालं होतं का? झोप दोन-तीन तास, तरी थकवा नाही, बोलणं भरधाव, पैसा उधळणं, मोठमोठे बेत? उत्तर मला देऊ नकोस, उद्या सही करायला जाशील तेव्हा त्याच्या डॉक्टरांना दे.

---

मल्हारगंजचा_धाकटा
१५ मे, रात्री ११:१८

वाचून अंगावर काटा आला. २०१९ चे गणपती. दादा सलग चार रात्री झोपला नाही, मंडळाची सगळी सजावट एकट्यानं केली, अध्यक्षांना पहाटे तीनला फोन करून 'पुढल्या वर्षी लालबागला मागे टाकू' म्हणाला. त्याच आठवड्यात कर्ज काढून दोन ई-रिक्षा बुक केल्या. आम्ही म्हटलं, बाप्पाची कृपा, माणसाच्या अंगात उत्साह आलाय. महिन्याभरानं उतरला. ई-रिक्षांचं ॲडव्हान्स बुडालं ते बुडालंच. फेब्रुवारीत डॉक्टरांनी विचारलं होतं, "पूर्वी काही त्रास?" आई म्हणाली, "छे, उलट फार उत्साही होता."

सकाळी सांगतो.

---

आत्याबाई_खातीवाला_टँक
१६ मे, सकाळी ७:५०

मला यातलं औषधाचं काही कळत नाही. आमच्या वेळी असलं काही नव्हतं, घरात कोणी गप्प झालं की "बाणगंगेला पाठवायचा का" म्हणून थट्टा करायचे. तिथं वेड्यांचा सरकारी दवाखाना आहे म्हणून. त्या थट्टेपायी माझ्या धाकट्या भावाला आम्ही दाखवलंच नाही. १९८६ साली तो गेला. नवस केले, गंडा बांधला, खजराण्याला बुधवार धरले. गणपतीनं काय करायचं होतं ते केलं असेल, आम्ही दवाखाना केला नाही.

मी विचारते ते वेगळं. तुझी वहिनी रविवारपासून झोपली आहे का? चार रात्री ती तिथं बाकड्यावर आहे ना? पोरीला शाळेचे डबे नसतील पण सुट्टीत घरी कोण बघतंय? औषधाच्या चर्चेत तिचं नाव पहिल्या पोस्टनंतर कोणी घेतलं नाही. आज रात्री तू थांब नाहीतर तुझ्या मामांना बसव. आणि तिला झोपायला घरी पाठव म्हणजे घरी, भांडी घासायला नाही.

---

न्यूजर्सी_इंदुरी
१६ मे, सकाळी ८:३५

इथं यातलाच नाकात मारायचा प्रकार आहे, एस्केटामाइन. केटामाइनचे रेणू डाव्या-उजव्या हातांसारखे जोडीनं असतात, त्यातला एकच वेगळा काढलेला. मार्च २०१९ मध्ये हट्टी, म्हणजे गोळ्यांना दाद न देणाऱ्या, डिप्रेशनसाठी मान्यता, २०२० मध्ये आत्महत्येचे विचार असलेल्या डिप्रेशनच्या रुग्णांसाठीही. पण माहितीपत्रकात कंपनीला स्पष्ट लिहावं लागलंय की आत्महत्या टळतात किंवा ते विचार कमी होतात असं सिद्ध झालेलं नाही. दोन मोठ्या प्रयोगांत उदासी चोवीस तासांत जास्त उतरली, पण आत्महत्येच्या धोक्याच्या मोजपट्टीवर पाणीवाल्या स्प्रेपेक्षा ठोस फरक दिसला नाही. घरी देत नाहीत. क्लिनिकमध्ये बसून मारायचा, दोन तास डोळ्यांसमोर बसायचं, मग दुसऱ्या कोणी गाडी चालवत न्यायचं. एका खेपेला शेकडो डॉलर. माझ्या ऑफिसातल्या एकीचं विम्यानं तीन वेळा नाकारलं. तुमची साधी ड्रिप जुनी, पेटंटबाहेरची, म्हणून औषध स्वस्त. खर्च खाटेचा आणि माणसांचा.

---

वकील_पलासिया
१६ मे, सकाळी १०:०२

विम्यावरून आठवलं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम २१. शारीरिक आजाराला ज्या अटींवर विमा, त्याच अटींवर मानसिक आजाराला. पॉलिसी काढा, टीपीएच्या (विम्याचे दावे बघणाऱ्या कंपनीच्या) खिडकीवर कलमाचा आकडा सांगा, आवाज न चढवता. प्रत्येक उपचाराला देतीलच असं नाही, पण 'मानसिक आजार बसत नाही' हे उत्तर चालत नाही.

आणि नातेवाईक पोलीस केसच्या भीतीनं खोटं सांगतात, "चुकून झालं" वगैरे. त्याच कायद्याचं कलम ११५: प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जाईल, त्याच्यावर खटला नाही, उलट सरकारनं त्याची काळजी घ्यायची. जुनं ३०९ कलम १ जुलै २०२४ पासूनच्या न्याय संहितेत आलेलंच नाही. दादाच्या बाबतीत तसं काही घडलेलं नाही, देवाची कृपा, पण वाचणाऱ्यांसाठी लिहिलं. डॉक्टरला खरं सांगा.

---

मल्हारगंजचा_धाकटा
१७ मे, रात्री १०:४०

काल सही केली. त्याआधी डॉक्टरांना २०१९ सांगितलं. ते पेन ठेवून खुर्चीत मागे टेकले, मग दादाशी एकट्याशी अर्धा तास बोलले. बाहेर येऊन म्हणाले, चित्र बदललं. डिप्रेशनच्या गोळीचा फेरविचार करावा लागेल, लिथियम या मूड सांभाळणाऱ्या औषधाचा विचार करू, त्याआधी किडनी आणि थायरॉइडच्या तपासण्या. ड्रिप मात्र आजच देऊ, मॉनिटर लावून, भूलतज्ज्ञ खोलीत.

पोहे_शेव भाऊ, तुमचं वाक्य दादाला सांगितलं. तो छताकडे बघत म्हणाला, "परत येईल. आलं तर ठरलेलंच आहे. फोन करायचा." तीनदा म्हणाला, शेवटी जरा वैतागून.

ड्रिपमध्ये रक्तदाब १५८ पर्यंत गेला, नंतर उतरला. दादा म्हणाला की पलंगाला चाकं लागली होती आणि आपण राजवाड्यासमोरून चाललो होतो. आई जपमाळ घेऊन बाहेर बसली होती, तिला हे सांगितलं नाही.

आज संध्याकाळी मी सफरचंद कापत होतो. दादा एकदम म्हणाला, "वीस तारखेचं जीएसटीचं रिटर्न कोण भरतंय?" मी सुरी ठेवली. पाच महिन्यांत या माणसानं पुढच्या तारखेबद्दल पहिल्यांदा विचारलं होतं.

आत्याबाई, वहिनी काल रात्री घरी झोपली. चौदा तास. मामा दवाखान्यात बसले, आणि घोड्याचा विषय त्यांनी काढला नाही.

---

शंकासुर
१७ मे, रात्री ११:०५

जीएसटी रिटर्नची आठवण कुठल्याही मोजपट्टीत नाही, पण नोंद घेतली आहे.

---

मल्हारगंजचा_धाकटा
२१ मे, रात्री ८:१५

सोमवारी दुसरी ड्रिप झाली. पण आज बुधवारी दुपारी दादा भिंतीकडे तोंड करून झोपला. वहिनीनं विचारलं तर म्हणाला, "आलं परत." मग पाच मिनिटं गप्प. मग स्वतःच घंटी दाबून नर्सला बोलावलं. "फोन" म्हणजे आम्ही मोबाइल समजत होतो, त्यानं घंटी दाबली.

मी पार खचलोय. वहिनी नाही.

---

उलटतपासणी
२१ मे, रात्री ९:००

घंटी दाबली, हीच आजची बातमी आहे. बाकीचं अपेक्षित होतं. हे विचार कमी झाल्याचा परिणाम बऱ्याच अभ्यासांत साधारण आठवडाभर टिकलेला दिसतो, कोणाला त्याहून कमी. म्हणूनच लागोपाठ देतात.

आता लिथियमबद्दल. तेही 'लगेच'वालं औषध नाही. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केडनं पहिल्यांदा मांडलं, तेव्हापासून आहे. मूड सांभाळणाऱ्या औषधांत आत्महत्या टाळण्याच्या बाबतीत सगळ्यात जास्त वर्षांचा अनुभव त्याच्या पाठीशी आहे. शंकासुर येण्याआधी मीच सांगतो, २०२१ च्या अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरच्या ५१९ जणांच्या प्रयोगात आधीच्या उपचारावर लिथियम जोडून फायदा दिसला नाही. तरी बायपोलरमध्ये मी ते सोडणार नाही. स्किझोफ्रेनियात हीच जागा क्लोझापिनची, तिथं ९८० जणांचा मोठा प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. आणि विजेचे उपचार, ज्यांना सगळे भितात, ते आजही अतितीव्र अवस्थेत केटामाइनच्या आधी आठवावेत असे आहेत. आता ते भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय करायला कायद्यानंच बंदी आहे. मात्र भ्रम नसलेल्या हट्टी डिप्रेशनवर २०२३ मध्ये दोन्हींची तुलना झाली, तिच्यात केटामाइन विजेच्या उपचारांच्या मागे पडलं नाही, हेही खरं.

दादाबरोबर बसून एक कागद करा. विचार वाढू लागल्याची माझी खूण कोणती, तेव्हा एकट्यानं काय करू शकतो, कोणाकडे जाऊन बसू शकतो, कोणाला खरं सांगू शकतो, कुठला दवाखाना, कुठला नंबर. त्याच्या अक्षरात, तुमच्या नाही. आणि घरी जाण्याआधी घरातली औषधं एका डब्यात, कुलपात, किल्ली घराबाहेर. बाकी काय काय दूर करायचं ते डॉक्टरांना समोरासमोर विचारा, इथं नको.

---

पोहे_शेव_जास्त
२१ मे, रात्री ९:२०

माझा कागद फ्रिजवर होता. पाहुणे वाचायचे. कपाटाच्या आतून लावा.

---

मल्हारगंजचा_धाकटा
२७ मे, रात्री ९:५५

चार ड्रिपा झाल्या. पाचवी गुरुवारी, ओपीडीत, कारण शनिवारी दादाला घरी सोडलं. तिसरीनंतर टीव्ही परत शेजारी गेला, अजून तिथंच आहे. तो म्हणतो, आवाज येतो, पण कार्यक्रम कळत नाही.

कागद त्यानं हिशेबाच्या वहीत केला, जमा आणि नावे अशा दोन रकान्यांत. नावेच्या बाजूला खुणा: दाढी न करणं, पहाटे चारला जाग, दुकानाच्या ग्रुपवरून बाहेर पडणं. जमेला माणसं. माझं नाव तिसरं आहे. पहिलं दुकानातल्या हमालाचं, जो रोज दुपारी त्याच्याशी बिडी न ओढता गप्पा मारतो. आम्हाला हा माणूस माहीतच नव्हता. काल तो घरी येऊन दोन तास बसला.

किल्ली वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे. वहिनी सकाळ-संध्याकाळ गोळ्या आणायला जाते, त्या निमित्तानं तिचा चहाही होतो.

लिथियम सुरू होऊन पाच दिवस झाले. डॉक्टरांनी पाणी भरपूर, मीठ नेहमीइतकंच, आणि डोकं दुखलं म्हणून मनानं पेनकिलर घेऊ नको असं बजावलंय. इथं ४१ डिग्री, आणि ६ जूनला निर्जला एकादशी. दादा पंचवीस वर्षं धरतो. मी हा विषय कसा काढावा या विचारात होतो, तर आईच जेवताना म्हणाली, "यंदा तू पाणी पी. तुझ्या वाटचं मी धरते." दादा म्हणाला, "तुझं वय सत्तर आहे, तूही पी." यावरून दोघांचं जोरात भांडण झालं. वहिनी आणि मी स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिलो. दिवाळीनंतर घरात पहिल्यांदा भांडण झालं.

परवा ड्रिपच्या आधी लिथियमची रक्त तपासणी आहे. उपाशीपोटी द्यायची का?

---

दवाबाजार_गल्ली
२७ मे, रात्री १०:२०

त्या तपासणीला उपाशी असण्याची गरज नसते, पण ड्रिपसाठी पोट रिकामं ठेवायचंच आहे. महत्त्वाची गोष्ट दुसरी. रक्त रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं, आणि सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यावर. नाहीतर आकडा खोटाच वर दिसतो. रात्री किती वाजता घेतली ते वहिनींना वहीत लिहून ठेवायला सांगा, लॅबवाला विचारेलच असं नाही.